सामरीच्या हवेलीचं नळ कनेक्शन

आईसोबत सिनेमा बघायचा नाही, असं मी याच जागी लिहिलं होतं. तरी रविवारी रात्री भाच्यानं 'पुराना मंदिर' लावला आणि आई चष्मा पुसून समोर बसली.

रामसे बंधूंचा १९८४चा सिनेमा. सामरी नावाच्या सैतानाचं मुंडकं राजा उडवायला लावतो. ते पेटीत घालून हवेलीत ठेवायचं, धड देवळाकडं पुरायचं. सामरीचा शाप असा, की या घराण्यातली बाई बाळंतपणात जाणार. हे दोनशे वर्षं चालतं.

"मग जाळायचं ना तवाच," आई म्हणाली. शेवटी जाळतातच. रॉकेल नव्हतं म्हणावं, तर गोवऱ्या होत्या की!

ते सोडा. माझं डोकं फिरतं ते नळावर. रामसेंच्या सिनेमात हवेली कितीही ओसाड असो, जाळी लोंबू देत, वटवाघळं उडू देत. हिरॉइननं तोटी फिरवली की पाणी धो धो! आमच्या गल्लीत माणसं राहतात, घरपट्टी भरतात, अन् नळाला दहा दिवस फुसफुस. तिला भुताची भीती वाटते. मला तिचा हेवा वाटतो. सामरीचं काम करणारे नट अगरवाल तर खरे सिव्हिल इंजिनियर. त्यांनी तरी विचारायचं, की बाबांनो, टाकी कुठंय?

बीडकरांनी असलं खपवून घेऊ नये. शहराबाहेर आपली खजाना बावडी आहे. सोळाव्या शतकात, निजामशाहीत सलाबतखानानं बांधलेली. आत अंधारे बोगदे. रामसेंना फुकटात सेट मिळाला असता. पण तिथं बोगद्यातून पाणी येतं कसं आणि रानात जातं कसं, याचा कुणीतरी नीट हिशोब केला होता. मोटर नाही, वीज नाही, नुसता उतार. दुष्काळातही तिची पातळी हलत नाही म्हणतात. आमच्याकडं मोटर आहे, वीज आहे (असली तर), टाक्या तीन आहेत. त्यात आवाज घुमतो छान.

रविवारी रात्री सिनेमा चालू असताना तसाच घुमला. इकडं पडद्यावर कंदील घेऊन कुणीतरी तळघरात उतरत होतं, तिकडं अंगणात आधी खरखर, मग लांब उसासा. भाचा पांढराफटक. आई मात्र ताडकन उठली.

"नळ आला रे! मोटर लाव!"

दीडपर्यंत आम्ही घागरी, बादल्या, पातेली, कुकरसुद्धा भरला. टीव्ही तसाच थांबवलेला. पेटी अजून उघडायची आहे.