मी धरलेल्या सशाला तीनच पाय

आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांना ही म्हण सांगायला नको : 'तानु हिडिद मोलक्के मूरे कालु.' मी धरलेल्या सशाला तीनच पाय! चौथा पाय समोर दिसत असला, तरी हट्ट सोडायचा नाही. यंदाच्या सुट्टीत मला ही म्हण आठवली, ती प्रयोगशाळेसाठी पाळलेल्या खऱ्याखुऱ्या सशांमुळे.

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. दहावीनंतर विज्ञानाशी माझा संबंध सुटला. पण माझी मावसबहीण (तिला मी अक्का म्हणते) जीवशास्त्रात संशोधन करते. माणसाच्या पेशींतले एक प्रथिन शोधण्यासाठी ती सशाची पॉलिक्लोनल अँटिबॉडी वापरीत होती. जुनी बाटली संपली म्हणून त्याच कंपनीची, त्याच क्रमांकाची नवी मागवली, आणि पट्टी भलत्याच जागी उमटू लागली. चार महिन्यांचे काम वाया गेले. "बाटलीवर नाव स्पष्ट लिहिले आहे, तुझाच हात चुकला असेल," असे तिला ऐकून घ्यावे लागले. मला मात्र प्रश्न पडला, की माल बदलला तर दोष गिऱ्हाइकाचा कसा?

अक्काने मला सारे समजावून सांगितले. मानवी प्रथिनाचा तुकडा सशाला टोचतात. सशाच्या शरीराला तो परका वाटतो व ते त्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करते. काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा टोचून मग रक्त काढतात व त्यातले सीरम वेगळे करतात. या अँटिबॉडी एकाच जातीच्या नसतात. अनेक पेशींनी त्या केलेल्या असतात आणि प्रथिनाच्या निरनिराळ्या जागा त्या पकडतात. म्हणून त्या 'पॉलिक्लोनल'. सर्पदंशावर घोड्याच्या रक्तापासून जे औषध करतात, तेही याच जातीचे.

अनेक जागा पकडणे हा मोठा गुण आहे. प्रथिनाचा आकार थोडा बदलला, तरी एखादी जागा हाती लागतेच. पण त्या गर्दीत दुसऱ्याच प्रथिनाला चिकटणाऱ्याही काही असू शकतात. शिवाय तो ससा गेला, की ते मिश्रण कायमचे संपले. दुसऱ्या सशाचे मिश्रण हुबेहूब तसेच कधी होत नाही. बाटलीवरचा क्रमांक मात्र तोच राहू शकतो!

माझे वडील तांदळाचा व्यापार करतात. पोत्यात नळी खुपसून ते वानगी काढतात, दाणा दाताखाली फोडून पाहतात. गेल्या वर्षीचा माल चांगला होता, म्हणून यंदाचा डोळे झाकून घेत नाहीत. संशोधनातही वानगी पाहण्याची रीत आहे. ज्या पेशींतून त्या प्रथिनाचे जनुकच काढून टाकले आहे, त्यांवर अँटिबॉडी लावून पाहावी. प्रथिनच नाही, तर पट्टी उमटता कामा नये. तरीही त्याच जागी उमटली, तर तिथे आपले प्रथिन नाही, दुसरेच काही आहे.

कॅनडातील मॉन्ट्रियलच्या संशोधकांच्या पुढाकाराने ६५ मानवी प्रथिनांसाठी विकल्या जाणाऱ्या ६१४ अँटिबॉडी या कसोटीवर तपासल्या गेल्या. २०२३ साली निकाल प्रसिद्ध झाला. नापास झालेल्यांपैकी सुमारे २० टक्के विक्रेत्यांनी स्वतःच बाजारातून काढून घेतल्या. पण दर प्रथिनामागे सरासरी बारा शोधनिबंध अशा नापास अँटिबॉडीवर आधीच छापले गेले होते! त्याआधी २०१५ साली शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनी 'नेचर' नियतकालिकात सहीनिशी लिहिले होते, की निकृष्ट अँटिबॉडींपायी जगभर दरवर्षी सुमारे ८० कोटी डॉलर वाया जात असावेत.

आम्ही १९३० चा वस्तुविक्री कायदा शिकतो. 'ग्राहका, सावध राहा' हे तत्त्व त्यात आहे. पण नमुना दाखवून विकलेला माल नमुन्याबरहुकूम असला पाहिजे, हेही त्याच कायद्यात आहे. मग जाहिरातीत एका सशाची सुबक पट्टी दाखवायची आणि बाटलीत दुसऱ्या सशाचे सीरम द्यायचे, हे कसे चालावे? माझे मत असे, की प्रत्येक नव्या लॉटचा पुरावा विक्रेत्याने द्यावा, संशोधकाने वापरण्यापूर्वी वानगी तपासावी आणि निबंधात लॉट क्रमांक छापावा. यात खर्च आहे, आमच्यासारख्या गावच्या प्रयोगशाळा गरीब आहेत, असे कोणी म्हणेल. पण अक्काचे चार महिने कोणत्या खात्यात मांडायचे?

आणि सशाचे काय? कन्नडमध्ये 'मोल' म्हणजे ससा, मराठीत मोल म्हणजे किंमत. निकामी सीरमसाठी टोचलेल्या सशाचे मोल कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही. आता अँटिबॉडीच्या जनुकाचा क्रम नोंदवून, प्रत्येक लॉटसाठी नवा ससा न टोचता, पुन्हा पुन्हा तशीच अँटिबॉडी बनवता येते. मॉन्ट्रियलच्या तपासणीत अशाच अँटिबॉडी सरस ठरल्या. जिथे त्या मिळतात, तिथे त्यांनाच पहिली पसंती द्यावी.

विज्ञान शाखेच्या मित्रांनो, तुमच्या विषयात नाक खुपसल्याबद्दल रागावू नका. पट्टी चुकली, तर विद्यार्थ्याचा हात तपासाच, पण बाटलीही तपासा. सशाचे पाय एकदा मोजून पाहावेत, एवढीच विनंती.