भाताचा पेंढा, जनुके आणि दिल्लीचा धूर

नवी दिल्ली – करोल बागेच्या पश्चिमेला, हाकेच्या अंतरावर भारतीय कृषी संशोधन संस्थेचे विस्तीर्ण आवार आहे. बिहारमधील पुसा येथे १९०५ मध्ये स्थापन झालेली ही संस्था १९३४ च्या भूकंपानंतर १९३६ मध्ये दिल्लीत आली आणि येताना गावाचे नावही घेऊन आली. दर वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस करोल बागेवर जो धूर उतरतो, त्यातील काही वाटा पंजाब-हरियाणात जाळल्या जाणाऱ्या भाताच्या पेंढ्याचा असतो. पंजाबात दीर्घकाळ लावले गेलेले पुसा-४४ हे भरघोस उत्पन्नाचे, परंतु उशिरा तयार होणारे आणि भरपूर पेंढा देणारे वाण याच संस्थेने १९९३ मध्ये प्रसारित केले होते. संस्थेला दोष देण्याचे कारण नाही. त्या काळी वाणाची पारख दाण्यावरून होत असे, काडाचा विचार कोणी करीत नव्हते.

आता तो विचार करणे भाग पडत आहे. पिकाच्या काडाची घडणच जनुकीय तंत्राने बदलता येईल का, हा प्रश्न त्यातूनच पुढे आला आहे.

काड मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन यांचे बनलेले असते. पहिल्या दोहोंपासून साखर व पुढे इथेनॉल मिळते. लिग्निन मात्र त्यांना सिमेंटसारखे बांधून ठेवते. भातात भर पडते ती सिलिकाची. भाताचे रोप आपल्या वाळलेल्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत सिलिकॉन साठवू शकते. बासमतीखेरीज इतर भाताचा पेंढा पंजाबात जनावरांना फारसा घातला जात नाही, त्यामागे हे एक कारण आहे. गव्हाच्या पेरणीपूर्वी हाती उरतात जेमतेम दोन-तीन आठवडे, आणि मग काडी ओढली जाते.

पाणिपत येथे इंडियन ऑइलचा पेंढ्यापासून इथेनॉल बनविणारा प्रकल्प १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आला. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे तंत्रज्ञान वापरणाऱ्या या प्रकल्पाची आखणी वर्षाला सुमारे २ लाख टन पेंढ्यापासून ३ कोटी लिटर इथेनॉल काढण्यासाठी झाली. अशा कारखान्यांचा मोठा खर्च लिग्निनची बांधणी सोडविण्यावर होतो. काडच सैल विणीचे असेल, तर तो खर्च कमी होईल.

परदेशात ही वाट चोखाळली गेली आहे. अमेरिकेत २०११ मध्ये स्टार्च फोडणारे विकर स्वतःच तयार करणाऱ्या मक्याला, तर २०१४ मध्ये कमी लिग्निनच्या लसूणघासाला परवानगी मिळाली.

मात्र निसर्ग काही फुकट देत नाही. लिग्निन कमी झाले की ताट अशक्त होते आणि वाऱ्यापावसात पीक लोळते. जपानी शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये सिलिकॉन शोषून घेणारे भाताचे जनुक उजेडात आणले. ते निकामी झालेली रोपे रोग-किडींना सहज बळी पडत होती. सिलिका हे पिकाचे चिलखत आहे, नुसता कचरा नव्हे.

कायद्याची बाजूही चमत्कारिक आहे. भारतात व्यापारी लागवडीस मोकळे असलेले जनुकीय पीक २००२ पासून एकच, बीटी कापूस. बीटी वांग्याला २०१० मध्ये स्थगिती मिळाली, तर जीएम मोहरीवरून जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय खंडपीठात मतभेद झाला. परंतु मार्च २०२२ मध्ये केंद्राने, परके जनुक शिल्लक नसलेल्या जनुक-संपादित रोपांना कडक नियमांतून सूट दिली. म्हणजे लिग्निनचे मूळ जनुक संपादनाने निकामी केल्यास वाट सुकर. मक्यासारखे परके जनुक घातल्यास मात्र जुनीच लांबलचक परवानगी-प्रक्रिया. मे २०२५ मध्ये जाहीर झालेली देशातील पहिली दोन जनुक-संपादित भातवाणे याच सवलतीची फळे होत. त्यांपैकी 'पुसा डीएसटी राइस १' हे करोल बागेच्या याच शेजाऱ्याचे. त्यात क्षार व पाण्याचा ताण सोसण्यावर भर आहे. काडाची घडण हे त्याचे उद्दिष्ट नव्हते.

खरा पेच लाभाच्या वाटणीचा आहे. सैल काडाचा फायदा कारखान्याला, पीक लोळण्याची जोखीम शेतकऱ्याला, आणि हमीभाव तर फक्त दाण्याला. पेंढ्याला दर मिळाल्याविना असे वाण कोण पेरील?

महाराष्ट्राला हे वेगळे सांगावे लागत नाही. १९६४ पासून आलेल्या बुटक्या संकरित ज्वारीने दाणा वाढविला. तरी सोलापूर-मराठवाड्याच्या रब्बीत मोहोळची मालदांडी टिकून राहिली, कारण तिथे कडब्यालाही बाजारात दर असतो आणि घरच्या जनावरांचे पोट त्यावरच चालते. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात १९७८ मध्ये तपकिरी शिरेची, कमी लिग्निनची ज्वारी रासायनिक उत्परिवर्तनाने मिळविण्यात आली होती. तिचा चारा अधिक पचनीय असतो. गोठ्यापुरते पाहिले, तर काडाच्या घडणीतील बदलाला पहिला गिऱ्हाईक इथेनॉलच्या कारखान्याआधी दूध उत्पादकच ठरेल.

पंजाबने दरम्यान सोपा मार्ग धरला. तेथील सरकारने ऑक्टोबर २०२३ मध्ये, पुढील हंगामापासून पुसा-४४ च्या लागवडीवर बंदी जाहीर केली आणि लुधियानाच्या कृषी विद्यापीठाच्या पीआर-१२६ कडे शेतकऱ्यांना वळविले. हे वाण जवळपास महिनाभर आधी कापणीला येते. त्याच्या काडातील लिग्निन आणि सिलिका जागच्या जागी आहेत. फरक पडला तो काडी ओढण्यापूर्वी हाती उरणाऱ्या दिवसांचा.