संधाय संभाषा आणि आमच्या बैठका

कुरकुंभला भरणाऱ्या आमच्या बैठकीत फार माणसे नसतात. परिसरातील काही वैद्य आणि दोन-तीन औषधालयचालक, एवढाच मेळा. औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणारे कामगार हे आमच्यापैकी अनेकांचे रुग्ण. अशाच एका बैठकीत एका तरुण वैद्याने आपला फसलेला रुग्ण मांडला. भल्लातकाचा कल्प दिल्यानंतर अंगावर पुरळ उठले, कंडू वाढली, औषध थांबवावे लागले. सांगणाऱ्याचे वाक्य पुरे होण्याआधीच एका ज्येष्ठांनी त्यांच्या महाविद्यालयाची चौकशी केली, हशा पिकला. औषधालयचालकांना वाटले, आपल्या मालावर ठपका येतो आहे; तेही तावातावाने उठले. तो रुग्ण बॉयलरपाशी काम करणारा होता, ही गोष्ट नंतर चहाच्या वेळी कळली. भल्लातक घेणाऱ्याने ऊन व अग्नी वर्ज्य करावा, हे आपण सारेच जाणतो. परंतु विचारले कोणी नाही. त्यानंतरच्या दोन बैठकांत अपयशाचा एकही रुग्ण मांडला गेला नाही. सर्वांचे सर्व रुग्ण बरे होत होते!

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचे संधाय आणि विगृह्य असे दोन प्रकार सांगितले, ते आपण परीक्षेपुरते पाठ केले. संधाय संभाषेत निःशंकपणे विचारावे, विचारणाऱ्यास विशद करून सांगावे, पराभवाच्या भयाने उद्विग्न होऊ नये, दुसऱ्यास हरवून हर्ष मानू नये, चारचौघांत त्याची बढाई मारू नये आणि जे ठाऊक नाही त्याचे वर्णन करू नये, इतकी बारीक आचारसंहिता तेथे आहे. सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात ऋषींचा वाद रंगतो, तेव्हा पक्ष धरून बसणाऱ्यांना पुनर्वसू आत्रेय घाण्याभोवती फिरणाऱ्याची उपमा देतात. चालणे पुष्कळ, पोहोचणे नाही. आणि पुढच्याच अध्यायात रस एक की असंख्य या चर्चेत सिद्धांत सहा रसांचा ठरला, तरी भद्रकाप्य, कांकायन आदींची मते त्यांच्या नावांसह संहितेत टिकली. अमान्य झालेले मत पुसून टाकलेले नाही. आमच्या इतिवृत्तात मात्र ‘चर्चा झाली’ एवढेच असते.

म्हणून आम्ही काही नियम सुचवितो. रुग्ण मांडणाऱ्याचे कथन पुरे होईपर्यंत कोणी बोलू नये. पहिला प्रश्न प्रकृती, काल, मात्रा, अनुपान आणि रुग्णाचा व्यवसाय यांविषयीच असावा. रुग्णाचे नाव वा कारखाना सांगू नये. लहान गावात ओळख पटण्यास वेळ लागत नाही. ज्याचा कल्प चर्चेत आहे त्या उत्पादकाने वा विक्रेत्याने आपला संबंध आधी सांगावा आणि मग अवश्य बोलावे. त्याच्याकडील घाणक्रमांक व शोधनाची माहिती चर्चेस हवीच असते. भल्लातकासारखी द्रव्ये औषध नियमावलीच्या अनुसूची ई (१) मध्ये आहेत आणि ती पोटात देताना वैद्यकीय देखरेखीची सूचना वेष्टनावर लागते, हे दोन्ही पक्षांनी विसरू नये. संशयित दुष्परिणाम आयुष मंत्रालयाच्या औषधदक्षता यंत्रणेकडे कळवावयाचा तर त्याची नोंद आधी आपल्या बैठकीत निर्भयपणे व्हावयास हवी.

अध्यक्षांस बोलणे थांबविण्याचा अधिकार असावा, पण व्यक्तीवर घसरलेले बोलणे थांबविण्यापुरताच. मत कितीही अप्रिय असो, ते इतिवृत्तात यावे. अध्यक्षपद दर बैठकीस फिरते ठेवावे आणि ज्याचा रुग्ण वा कल्प चर्चेत आहे त्याने त्या दिवशी ते घेऊ नये.

एका ज्येष्ठ सभासदांचा आक्षेप आहे की अशा नियमांनी वादाची धार जाते. आम्हांस तसे वाटत नाही. भल्लातकाच्या त्या दिवशी धार पुष्कळ होती, फक्त प्रश्न चुकीच्या जागी लागला. तथापि त्यांचा आक्षेप आम्ही लेखी मागितला आहे आणि तो पुढील अंकात जसाच्या तसा छापू. त्या तरुण वैद्यांनाही तोच रुग्ण पुन्हा, यावेळी पूर्ण, मांडण्याची विनंती केली आहे. त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही.