स्वतःचं एक पान इंग्रजीत

बुलढाणा जिल्ह्यातली महाविद्यालयं १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतात. इथे आवश्यक इंग्रजी बी.ए.च्या मुलांना ठरलेलंच. पण त्यापलीकडे जाऊन इंग्रजी साहित्य हा विषय घेणारी मुलं मला फार धीराची वाटतात. मराठी शाळेतून आलेली, खेड्यातून एसटीने येणारी ही मुलं थेट शेक्सपिअरला भिडतात, तेही बहुधा गाईडच्या आधाराने. दोष त्यांचा नाही. तयार उत्तराला गुण मिळत असतील तर पाठांतरच होणार. पण स्वतःचं एक पानही इंग्रजीत न लिहिता पदवी हाती पडावी, हे मला फार सलतं. त्यांना लिहू द्या! बेसॉल्टच्या खडकात उल्कापाताने झालेलं लोणारचं खारं सरोवर, खामगावच्या बाजारातला कापूस, शेगावची गर्दी, यांवर दहा ओळी, चुकतमाकत, मग वर्गात मोठ्याने वाचून दुरुस्त करत. व्याकरण तेव्हाच अंगी मुरतं, कारण सांगायचं काहीतरी आपलं असतं. शेजारच्या जळगाव जिल्ह्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे इंग्रजीचे प्राध्यापक होते. १९६३ मध्ये त्यांची ‘कोसला’ ही कादंबरी आली ती मराठीत. इंग्रजीचा अभ्यास मायबोलीपासून तोडतोच असं नाही, याचा याहून मोठा दाखला कोणता? मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांच्यावर तिथल्याच एखाद्या मुलीने इंग्रजीत टिपण लिहावं, आणि तिच्या प्राध्यापकांनी ते येत्या सत्रातच मागावं.