जुन्या बॅटरीची वारस-नोंद

जमिनीचा तुकडा कितीही लहान असो, तो कोणाकडून कोणाकडे गेला याची नोंद फेरफाराच्या वहींत होतेच. परंतु जिच्या पोटांत विषारी धातू व तेजाब असतें ती बॅटरी शेतकऱ्याच्या हातून सुटल्यावर कोठें गेली, हें कोणीच लिहून ठेवीत नाहीं. फवारणीचा पंप, ट्रॅक्टर, झटका-कुंपण व घरांतील इन्व्हर्टर यांमुळें आज पुष्कळ बागायतदारांच्या घरीं तीन-चार बॅटऱ्या असतात. तेव्हां हा प्रश्न आतां केवळ कारखानदारांचा राहिलेला नाहीं.

सर्वांत जुनी जात शिसें व गंधकाम्ल यांची. ती फ्रान्सांत गॅस्टन प्लांटे यांनीं १८५९ सालीं प्रथम तयार केली. ती स्वस्त आहे, आणि तिच्यांतील शिसें वितळवून पुनःपुन्हां वापरतां येतें, हा तिचा मोठा गुण. दोष असा कीं, निम्म्याहून अधिक वीज वारंवार ओढल्यास तिचें आयुष्य झपाट्यानें घटतें. शिवाय शिसें हें देहाचें वैरी आहे. त्याची कोणतीही मात्रा निर्धोक असल्याचें ज्ञात नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफच्या २०२० च्या अहवालाप्रमाणें जगांतील सुमारें ८० कोटी मुलांच्या रक्तांत काळजी करण्याइतकें शिसें आहे. व जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून वितळविणें हें त्याचें एक प्रमुख कारण होय.

दुसरी जात लिथियमची. ती १९९१ पासून बाजारांत आहे. तिच्या कित्येक प्रकारांत कोबाल्ट लागतें. जगांतील निम्म्याहून अधिक कोबाल्ट आफ्रिकेंतील कांगो देशांतून येतें, व तेथील कांहीं खाणींत लहान मुलेंही राबतात. मात्र लोह व स्फुरद यांच्या संयुगाची जी लिथियम-बॅटरी निघाली आहे, तींत कोबाल्ट नाहीं व निकेलही नाहीं. पंपाची १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी सुमारें अडीच किलो भरते. लोह-स्फुरदाची तेवढ्याच शक्तीची बॅटरी जवळजवळ निम्म्या वजनांत येते. पहिली तीन-चारशें वेळां भरतां येते, तर दुसरी साधारण दोन हजार वेळां. दिवसभर पंप पाठीवर वाहणाऱ्या मजुरास हा फरक चांगला समजतो. किंमत प्रथम अधिक पडते, व तिचा चार्जर निराळाच हवा, हें ध्यानांत ठेवावें. मिठांतील सोडियमवर चालणाऱ्या बॅटऱ्याही आतां निघूं लागल्या आहेत. त्या वजनानें जड असल्या तरी त्यांस लिथियम लागत नाहीं.

येथें एक गोष्ट विसरूं नये. शिशाच्या बॅटरीस भंगारवाला रोख पैसे देतो. लोह-स्फुरदाच्या बॅटरींत महाग धातू थोडे, म्हणून तिला मोल थोडें. अशी बॅटरी उकिरड्यावर पडते, आणि उकिरडा तर खत म्हणून शेतांतच जातो! म्हणजे जी वस्तू हिरवी म्हणून घेतली तीच आपल्या काळ्या आईच्या पोटांत जावयाची. बॅटरी हिरवी कीं काळी, हें तिच्यावरील चिठ्ठीवरून न ठरवितां तिच्या शेवटावरून ठरवावें.

शक्य तेथें बॅटरी टाळणें हें सर्वांत उत्तम. सौर पंपानें दिवसां उपसलेलें पाणी शेततळ्यांत वा उंच टाकींत साठविलें, म्हणजे सिंचनासाठीं वीज साठविण्याचें कारण उरत नाहीं.

कोणी म्हणेल, भंगारवाल्याचे चार पैसे कां सोडावे? सोडूं नयेत, परंतु बॅटरी फोडून तेजाब ओढ्यांत ओतणाऱ्याच्या हातीं ती देऊं नये. केंद्र सरकारच्या २०२२ च्या बॅटरी-कचरा नियमांनीं सर्व जातींच्या बॅटऱ्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, व ग्राहकानेंही जुनी बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून योग्य संस्थेकडे द्यावी असें सांगितलें आहे. एकट्या शेतकऱ्याची एक बॅटरी नेण्यास कोण येणार? पण सभासदांच्या शंभर बॅटऱ्या एके ठिकाणीं जमल्या, तर नोंदणीकृत कारखान्याची गाडी दाराशीं येईल आणि भावही ठरवून घेतां येईल.

यास्तव संघानें खतांच्या गुदामाजवळ, परंतु त्यापासून वेगळी अशी एक कोरडी व पक्क्या जमिनीची खोली याकामीं राखावी, आणि एक वही घालावी: कोणाची बॅटरी, कोणत्या जातीची, केव्हां आली, कोणास दिली. चार रकान्यांचेंच काम आहे. येत्या वार्षिक सभेपुढें हा ठराव यावा, अशी आमची सूचना आहे.