फोडणीने शिळा भात निर्धोक होत नाही

संपादक महोदय,

‘खमंग फोडणी दिली की रात्रीचा भात निर्धोक होतो,’ हे गेल्या अंकातील पत्रलेखिकेचे विधान चुकीचे आहे. फोडणीचा भात मलाही प्रिय आहे आणि अन्न वाया घालवू नये, हे त्यांचे म्हणणे मान्यच. पण तांदळात ‘बॅसिलस सिरियस’ या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि भात शिजवताना ते सगळे मरत नाहीत. भात रात्रभर ओट्यावर राहिला की ते रुजतात, वाढतात, विष तयार करतात. उलट्या घडवणारे हे विष पाण्याच्या १०० अंशांच्या उकळीनेही नष्ट होत नाही. कढईतल्या पाच मिनिटांनी काय होणार? भाताला वास आला नाही म्हणजे तो चांगला, असेही नाही. गेल्या मे महिन्यात आमच्या घरी न्याहारीला असाच भात झाला आणि दुपारच्या आत दोघांना उलट्या सुरू झाल्या.

उरलेला भात परातीत पसरून गार करावा, दोन तासांच्या आत झाकून फ्रिजमध्ये ठेवावा, दुसऱ्याच दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून संपवावा. रात्रभर बाहेर राहिलेला भात मात्र टाकून द्यावा.

कृपया ही दुरुस्ती ठळकपणे छापावी.

– एक गृहिणी, सांगली