पोटासाठी की ईमानासाठी?

आमच्या जुन्नर-आंबेगाव भागात धर्मांतराचा विषय निघाला की ख्रिस्ती माणसाबद्दल कोणी तरी सहज म्हणून जाते, "पोटासाठी बाटले." आम्हा मुसलमानांनाही "तुमचे पूर्वज तलवारीने बाटले" हे ऐकावे लागते आणि ते झोंबते. तरीही आपल्यातलेच काही जण ख्रिस्ती शेजाऱ्याविषयी तेच बोलतात. मला हे पटत नाही.

आपल्याच पुणे जिल्ह्यातले उदाहरण घ्या. दौंड तालुक्यातील केडगावला मुक्ती मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाई. १८७४ च्या सुमारास त्यांचे आईवडील उपासमारीने गेले. भुकेपोटी धर्म सोडायचा असता तर तेव्हाच सोडला असता. पुढे कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना 'सरस्वती' ही पदवी दिली. बाप्तिस्मा घेतला तो २९ सप्टेंबर १८८३ रोजी, इंग्लंडमधील वाँटेज येथे. त्यानंतरही त्रैक्याच्या सिद्धांतावर त्या आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून वाद घालत राहिल्या. १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की ख्रिस्ती धर्म तर मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. तो लाभला बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, आणि त्याचे श्रेय त्यांनी आपल्या विद्वत्तेला दिले नाही, देवाला दिले.

ख्रिस्ती शिकवणही हीच आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात पेत्र येशूला ख्रिस्त म्हणून ओळखतो, तेव्हा ही ओळख माणसाने नव्हे, स्वर्गातील पित्याने करून दिली असे येशू त्याला सांगतो.

आपण याला वह्य म्हणणार नाही. वह्य पैगंबरांवर येते आणि तो सिलसिला प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर पूर्ण झाला. हजरत ईसा (अ.) आपल्यासाठी पैगंबर आहेत, देवपुत्र नाहीत. हा फरक राहणारच. पण ईमान कोण देतो, याचे उत्तर आपल्याकडेही स्पष्ट आहे. सूरह कससची ५६ वी आयत खुद्द प्रेषितांना सांगते की तुम्हाला जो प्रिय आहे त्याला तुम्ही हिदायत देऊ शकत नाही, अल्लाह देतो. ही आयत चुलते अबू तालिब यांच्यासंदर्भात उतरली, असे रिवायतींत आहे. जे प्रेषितांच्या हाती नाही, ते मौलवीच्या, पाद्रीच्या किंवा माझ्यासारख्या शिक्षकाच्या हाती कुठून असणार?

आणि सरकारच्या तरी? गुजरातच्या २००३ च्या कायद्याप्रमाणे धर्मांतराचा विधी करणाऱ्याला जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. बळजबरी आणि फसवणूक हे गुन्हेच आहेत, त्यांना शिक्षा झालीच पाहिजे. पण रमाबाईंसारख्या विदुषीला स्वतःच्या मनातले उमगायला आठ वर्षे लागली; एखाद्या साहेबाला ते अर्जावरून कसे उमगावे?

म्हणून पुढच्या वेळी कोणी "पोटासाठी" म्हणाले तर गप्प बसू नका. "तुम्हाला कसे कळले?" एवढेच विचारा. दिलातले जाणणारा एकच आहे, आणि त्याने ते काम आपल्यावर सोपवलेले नाही.